यतनाधर्म आणि फ्लूची साथ

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका वैद्यकीय व्यावसायिकांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानमालेचे एक पुष्प गुंफण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी प्रारंभीच कृतज्ञता व्यक्त करतो. विश्वस्तांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली होती. मी ‘फ्लू’ असे म्हटले, तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांच्या चेहऱ्यावर किंचित निराशा उमटलेली मला दिसली. “डॉक्टरसाहेब, हृदयविकार घ्या, मधुमेह घ्या. सर्दी-पडशावर तासभर काय बोलणार?” असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. परंतु पुण्यात गेली पस्तीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करताना एक गोष्ट माझ्या मनात सतत सलत राहिली आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला आपण प्रवचनाला नेत नाही. तापाने फणफणलेला माणूस मात्र स्वतःच्या पायांनी चालत येतो, दोनशे माणसांच्या मध्ये कटासणे अंथरून बसतो, आणि ‘काय श्रद्धा आहे पाहा’ म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. आज मला प्रामुख्याने या कौतुकाविषयी बोलायचे आहे.

प्रथम ऋतूचा विचार करू. महाराष्ट्रात फ्लूचे रुग्ण वर्षातून साधारणतः दोन वेळा वाढतात. एकदा पावसाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर या काळात, आणि पुन्हा हिवाळा सरत असताना, जानेवारी ते मार्च या महिन्यांत. यांतील पावसाळ्याचा काळ म्हणजे आपला चातुर्मास. वर्षभर व्यापारधंद्यात गुंतलेला समाज याच चार महिन्यांत धर्मस्थानात एकत्र येतो. रोजची प्रवचने, पर्युषणाचे आठ दिवस, संवत्सरीचे प्रतिक्रमण, त्यापाठोपाठ दिगंबर बांधवांचे दशलक्षण पर्व, तपस्वींची पारणी, स्वामीवात्सल्य. वर्षातील आपले सर्वांत मोठे मेळावे फ्लूच्या ऐन हंगामात भरतात. त्यात कोणाचा दोष नाही. पण ही गोष्ट ध्यानात ठेवूनच आपल्याला वागले पाहिजे.

२००९ साल येथील अनेकांना आठवत असेल. ३ ऑगस्ट २००९ रोजी आपल्याच पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. भारतातील तो या आजाराचा पहिला बळी. त्यानंतर नायडू रुग्णालयापुढे लागलेल्या रांगा, राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे तपासणीसाठी जाणारे नमुने, बंद झालेल्या शाळा-महाविद्यालये आणि चित्रपटगृहे, औषधाच्या दुकानांतून नाहीसे झालेले मास्क हे सारे आपण पाहिले. त्याच महिन्यात, त्या पहिल्या मृत्यूनंतर जेमतेम पंधरवड्याने, पर्युषण सुरू झाले. ‘धर्मस्थानात कसली साथ?’ असे म्हणणारे मला त्या वेळी भेटले. ‘आता धर्मस्थानाची पायरीच चढायची नाही’ असे म्हणणारेही भेटले. हे दोन्ही टोकाचे विचार भीतीतून आले होते. पुढे तोच विषाणू आपल्यात रुळला. दरवर्षी येणाऱ्या हंगामी फ्लूच्या विषाणूंपैकी तो आता एक आहे. ‘स्वाइन’ हे नाव तेवढे लोकांच्या तोंडी राहून गेले.

त्याही मागे जायचे तर १९१८ साली जावे लागेल. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीच्या परिसरात तापाचे रुग्ण दिसू लागले. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली, तिने हाहाकार उडवला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. रेल्वेच्या मार्गाने आणि युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांबरोबर साथ गावोगाव पोहोचली. पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, शरीरे आधीच कृश झाली होती. हिंदुस्थानात किती माणसे दगावली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु कमीत कमी अंदाजही सव्वा कोटीच्या आसपास जातो. जनगणनेच्या इतिहासात १९११ ते १९२१ हेच एक दशक असे आहे, की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आणि विशेष गोष्ट अशी, की हे सारे ज्याने घडवले तो विषाणू त्या वेळी कोणाला ठाऊकच नव्हता. मानवातील फ्लूचा विषाणू वेगळा करण्यात शास्त्रज्ञांना यश आले ते १९३३ साली.

हे सन मी मुद्दाम सांगतो आहे. अलीकडे आपल्या समाजात असे म्हणण्याची प्रथा पडली आहे, की विज्ञानाने आज शोधले ते सारे आपल्या आगमांत पूर्वीच सांगितले आहे. आपणांपैकी काहींना राग येईल, पण हा दावा मला मान्य नाही. आगमांचा विषय आत्मा आहे, विषाणुशास्त्र नव्हे. मात्र आगमांनी आपल्याला एक सवय लावली, आणि ती सवय या आजाराच्या बाबतीत फार मोलाची आहे. आपल्या शरीरातून जे बाहेर पडते त्याची जबाबदारी आपली, अशी ती सवय.

पाच समित्या आपणांस माहीत आहेत. उत्तराध्ययन सूत्राच्या चोविसाव्या अध्ययनात समिती आणि गुप्ती यांचे विवेचन आहे. ईर्या, भाषा, एषणा आणि आदान-निक्षेप या चार समित्यांवर प्रवचनांतून पुष्कळ ऐकायला मिळते. पाचवीचे नाव घेताना मात्र आपण थोडे घाईत असतो, कारण तिचा विषय मलमूत्राचा. परंतु तिच्या पूर्ण नावात आणखी तीन शब्द आहेत: खेळ, सिंघाण आणि जल्ल. खेळ म्हणजे तोंडातला कफ, सिंघाण म्हणजे नाकातला शेंबूड, जल्ल म्हणजे अंगावरचा मळ. या गोष्टी कोठे, कशा आणि किती काळजीने टाकायच्या याचा विचार ज्या परंपरेने महाव्रतांच्या रक्षणाशी जोडला, त्या परंपरेतील माणसाला ‘खोकताना तोंडावर रुमाल धर’ हे डॉक्टरने शिकवावे लागू नये.

प्रज्ञापना सूत्रात चौदा अशुचिस्थाने सांगितली आहेत, त्यांतही कफ आणि शेंबूड आहेत. तेथे संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, म्हणून हे पदार्थ तसेच साचू देऊ नयेत, अशी आपली धारणा. ‘जिवाणू-विषाणू मारणे ही हिंसा नव्हे का?’ असा प्रश्न मला दर चातुर्मासात कोणीतरी विचारतेच. बहुधा एखादी पाठशाळेतली चुणचुणीत मुलगी असते. विषाणूला जीव म्हणावे की नाही हे विज्ञानालाही निश्चित सांगता आलेले नाही, आणि तत्त्वनिर्णय करण्याचा माझा अधिकार नाही. तो पूज्य आचार्य भगवंतांचा. पण मी त्या मुलीला एवढेच सांगतो, की घरातल्या आजी ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकतात, उष्टे राहू देत नाहीत, ते कशासाठी? जीव उत्पन्न होऊन मग मरू नयेत यासाठी. उत्पत्तीच टाळायची, म्हणजे हिंसेचा प्रसंग येत नाही. फ्लूचा विषाणू हा जिवंत पेशीत शिरल्यावाचून वाढू शकत नाही. माझ्या शिंकेतून तो दुसऱ्याच्या घशात गेला नाही, तर त्याच्या कोट्यवधी प्रतिकृती तयार होत नाहीत, त्या माणसाला ताप येत नाही आणि औषधांचा मारा करावा लागत नाही.

आता तो जातो कसा, ते थोडक्यात पाहू. फ्लू झालेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, स्तवन गातो, तेव्हा त्याच्या नाका-तोंडातून अत्यंत बारीक तुषार बाहेर पडतात. मोठे तुषार हात-दोन हातांवर खाली पडतात. सूक्ष्म तुषार बंद खोलीतील हवेत काही वेळ तरंगत राहतात. तिसरा मार्ग हातांचा. नाक पुसलेल्या हाताने दाराची कडी धरली की विषाणू कडीवर राहतो. धातू आणि प्लास्टिकसारख्या कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर तो एक ते दोन दिवस टिकू शकतो, कापडावर किंवा कागदावर काही तास. दुसरा माणूस तीच कडी धरतो आणि नकळत डोळे चोळतो. दिवसभरात आपला हात किती वेळा चेहऱ्याकडे जातो हे एकदा मोजून पाहावे. मोजणारा चकित होतो. लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणे दिसतात. अडचण अशी, की लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला आजार देऊ लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. लहान मुले त्याहून अधिक काळ.

हात धुण्याविषयी सांगताना आपल्या समाजात एक अडचण येते, ती मी नाकारणार नाही. अप्काय जीवांची विराधना होऊ नये म्हणून पाणी जपून वापरण्याचा आपला संस्कार आहे. नळ सोडून त्याखाली हात धरून उभे राहणे आपल्या वृद्धांना बघवत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु हात स्वच्छ करण्याचे मुख्य काम साबणाचे आणि घासण्याचे आहे, पाण्याच्या धारेचे नाही. फ्लूच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. साबणाने ते फुटते आणि विषाणू निकामी होतो. तेव्हा थोड्या पाण्याने हात ओले करावेत, नळ बंद करावा, साबण लावून तळहात, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांची टोके निदान वीस सेकंद घासावीत, मग पुन्हा थोड्या पाण्याने धुवावेत. अर्ध्या तांब्यात हे काम उत्तम होते. सावकाश दोन वेळा नवकार मनात म्हटला की वीस सेकंद होऊन जातात; मोरीपाशी नवकार म्हणणे ज्यांना प्रशस्त वाटत नसेल त्यांनी वीसपर्यंत आकडे मोजावेत. साबणात प्राण्यांची चरबी तर नाही ना, ही शंका रास्त आहे. वनस्पतिजन्य तेलापासून केलेले साबण आज सहज मिळतात, तेच आणावेत. सॅनिटायझरमधील अल्कोहोलविषयी ज्यांच्या मनात संकोच आहे, त्यांनी तो वापरलाच पाहिजे असे नाही. साबण-पाणी हाताशी असताना त्याची गरज पडत नाही. प्रवासात, दवाखान्यात, जेथे पाणी नाही तेथे मात्र निदान साठ टक्के अल्कोहोल असलेला सॅनिटायझर उपयोगी पडतो.

येथेच एक गैरसमज दूर करतो. ‘आम्ही उकळलेले पाणीच पितो, आम्हांला काही होत नाही,’ असे अभिमानाने सांगणारे रुग्ण माझ्याकडे येतात, आणि तापाने थरथरत असतात. उकळलेले पाणी कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांपासून आपले रक्षण करते, आणि पावसाळ्यात ते रक्षण फार मोठे आहे. पण फ्लू पाण्यातून येत नाही, श्वासातून येतो. पाण्याच्या यतनेने श्वासाच्या यतनेचे काम भागत नाही.

श्वासाच्या यतनेसाठी आपल्यापाशी वस्त्र आहे. स्थानकवासी आणि तेरापंथी साधू-साध्वी मुखवस्त्रिका सदैव धारण करतात, मूर्तिपूजक परंपरेत ती बोलताना मुखापुढे धरतात. प्रक्षाल-पूजा करताना श्रावक आठपदरी मुखकोश बांधतात. मुखवस्त्रिकेचा हेतू वायुकायाच्या जीवांची रक्षा हा, मुखकोशाचा हेतू आपला उच्छ्वास प्रभुप्रतिमेला लागू नये हा. ते वैद्यकीय मास्क नव्हेत, आणि त्यांना तसे समजून फसू नये. विशेषतः मुखवस्त्रिकेने नाक झाकले जात नाही. परंतु दिशा पाहा. मास्क लावताना बहुतेकांचा विचार असतो ‘मला काही होऊ नये’. मुखकोश बांधताना विचार असतो ‘माझ्यामुळे समोर बाधा होऊ नये’. फ्लूच्या काळात खोकला असलेल्या माणसाने मास्क लावायचा तो या दुसऱ्या विचाराने. गाभाऱ्यात आठपदरी वस्त्र बांधणारे आपण बाहेर आल्यावर मांडीवर बसलेल्या नातवाच्या चेहऱ्यावर खुशाल शिंकतो, हे मी माझ्या घरातही पाहिले आहे.

रुमाल नसेल तर कोपराच्या आतल्या बाजूत शिंकावे, तळहातात नव्हे. नाक पुसलेला रुमाल दिवसभर खिशात घडी घालून ठेवू नये, संध्याकाळी गरम पाण्यात साबणाने धुवावा आणि उन्हात वाळवावा. कागदी रुमाल वापरल्यास तो झाकणाच्या डब्यात टाकावा. रस्त्यावर थुंकण्याविषयी मी काही बोलत नाही. पाचवी समिती ऐकलेल्या माणसाला ते सांगणे हा त्याचा अपमान होईल.

आपल्या व्यापारी घरांतली एक खास सवय सांगितल्यावाचून मात्र राहवत नाही. गल्ल्यावर बसून बोटाला थुंकी लावत नोटा मोजणे! ती नोट सकाळपासून कितीतरी हातांतून आलेली, तिच्यावरचे बोट पुन्हा जिभेला. आमच्या वडिलांच्या दुकानात पितळेच्या वाटीत पाण्याने भिजवलेला स्पंज असे, तो आता दिसेनासा झाला. मोबाइलवरून पैसे देणारे वाढले म्हणून हा प्रश्न सुटत चालला आहे, ती गोष्ट वेगळी. आणि धार्मिक पुस्तकांची पाने? थुंकी लावून ग्रंथाचे पान उलटणे ही ज्ञानाची आशातना, हे पाठशाळेत आपण लहानपणी शिकलो. तरी धर्मस्थानाच्या कपाटातील प्रतिक्रमणाची पुस्तके उघडून पाहा, खालचे कोपरे कसे काळवंडले आहेत. समाईक पुस्तके आणि समाईक माळा यांऐवजी प्रत्येकाने आपली वही, आपली नवकारवाळी घरून आणावी, हे मला सर्वांत सोपे वाटते. प्रभावना वाटणाऱ्याने आधी हात धुवावेत. पाण्याच्या माठात उष्टा पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच पाणी घ्यायचे, ही जुनी शिस्त तर आपल्या प्रत्येक वास्तूत पुन्हा यावी.

आता सभागृहाविषयी. आपल्या पुष्कळ धर्मस्थानांत पंखे वापरत नाहीत. त्यामागील वायुकायाचा विचार मी जाणतो आणि त्याचा आदर करतो. पण पंखा नाही आणि पाऊस आत येतो म्हणून खिडक्याही बंद, अशा दालनात दोन-अडीचशे माणसे खांद्याला खांदा लावून तीन तास संवत्सरीचे प्रतिक्रमण करतात, सूत्रे मोठ्याने म्हणतात. फ्लूच्या विषाणूसाठी याहून सोयीची जागा मला माहीत नाही. खिडक्या उघडल्याने कोणत्याही व्रताला बाधा येत नाही. खिडक्यांवर बाहेरून पावसाळी छज्जे बसवून घेतले, तर पाऊस आत न येता हवा खेळती राहील.

बंधू-भगिनींनो, आतापर्यंत जे सांगितले ते ऐकायला कठीण नाही. पुढचे सांगताना मला स्वतःविषयी बोलावे लागेल.

२०१७ सालच्या पर्युषणातील गोष्ट. त्या पावसाळ्यात पुण्यात फ्लूचे रुग्ण बरेच होते, दवाखान्यात रोज दिसत होते. संवत्सरीच्या सकाळी माझा घसा खवखवू लागला, दुपारी अंग मोडून आले, ताप एकशे एक. मी डॉक्टर आहे, मला काय झाले असावे हे मला कळत होते. तरी संध्याकाळचे प्रतिक्रमण चुकवणे मला शक्य वाटले नाही. वयाच्या आठव्या वर्षापासून एकही संवत्सरी चुकलेली नव्हती. लोक काय म्हणतील हेही मनात होते. तापाची गोळी घेतली, ताप उतरला, मी गेलो. माझ्या शेजारी वडिलांचे एक जुने स्नेही बसले होते, वय एक्याऐंशी, मधुमेह होता. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणत आलो. प्रतिक्रमण झाल्यावर मी त्यांना वाकून मिच्छामि दुक्कडं म्हटले, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

तिसऱ्या दिवशी त्यांना ताप आला. सहाव्या दिवशी न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल करावे लागले. बारा दिवस ते तेथे होते. घरी आले, परंतु त्यानंतर धर्मस्थानाचा जिना त्यांना चढता आला नाही. त्यांना लागण माझ्यापासूनच झाली, असे मी सिद्ध करू शकत नाही. शेकडो माणसे तेथे होती, वैद्यकशास्त्र असा पुरावा देत नाही. त्यांच्या घरातील कोणी मला एका शब्दानेही बोलले नाही. पुढल्या वर्षी मी त्यांच्या घरी जाऊन क्षमापना केली आणि सगळे सांगितले. काका हसून म्हणाले, “अरे, तू प्रतिक्रमणाला आलास, त्यात कसली क्षमा?” त्यांच्या या वाक्याने मला दिलासा मिळायला हवा होता. तो मिळाला नाही. मीच तापल्या अंगाने येणाऱ्यांचे कौतुक करणारा समाज आहे, हे मला त्या दिवशी उमगले.

म्हणून माझी विनंती अशी. ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी सुरू झाली, तर त्या दिवशी धर्मस्थानात येऊ नये. मग ती संवत्सरी का असेना. तापाची गोळी घेऊन ताप उतरवणे म्हणजे बरे होणे नव्हे. गोळी न घेता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही, तरच बाहेर पडावे. प्रतिक्रमण घरी करता येते, सामायिक घरी होते. २०२० साली करोनाच्या काळात आपण सर्वांनी पर्युषण घरीच केले. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील तीन मंदिरांना शेवटच्या दोन दिवसांपुरती मर्यादित अनुमती दिली होती, बाकी समाज घरी होता. आराधना कोणाची खंडित झाली नाही. न जाता आल्याचे दुःख होते, ते मी समजू शकतो. ते अंतराय कर्म समजून शांतपणे भोगावे. आणि जो घरी राहिला त्याला दुसऱ्या दिवशी ‘काय, काल दिसला नाहीत?’ असे टोचून विचारण्याची पद्धत आपण सोडली पाहिजे.

तपस्वींविषयी दोन शब्द. अठ्ठाईच्या पाचव्या-सहाव्या दिवशी ताप आला, तर तपस्वी तो लपवतात, कारण घरात पारण्याची तयारी झालेली असते, पाहुणे निघालेले असतात. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत. असह्य व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीक त्यांत आहे. गुरुमहाराजांना विचारावे, लपवू नये. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, ग्लानी येणे, असंबद्ध बोलणे, लहान मुलाने पाणी-दूध नाकारणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पासष्टच्या वरचे वृद्ध, पाच वर्षांच्या आतील बालके, गर्भवती, आणि मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले यांनी पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांना भेटावे. फ्लूवरील औषधाचा सर्वाधिक उपयोग त्याच काळात होतो. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, ती मागून घेऊ नयेत.

दूर राहणे म्हणजे टाकून देणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. करोनाच्या काळात काही घरांत वृद्धांच्या खोलीबाहेर ताट ठेवून माणसे निघून गेली. वैयावृत्त्य हे आपल्याकडे आभ्यंतर तप मानले आहे. रुग्णाची सेवा एकाने करावी, शक्यतो घरातील धडधाकट माणसाने, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून, प्रत्येक वेळी हात धुऊन. बाकीच्यांनी दारातून, फोनवरून बोलत राहावे. साध्वीजी आजारी आहेत असे कळताच शाता विचारायला तीस जण खोलीत जमतात, हे थांबवावे. त्यांतील अनेक साध्वीजी वृद्ध आणि तपाने कृश झालेल्या असतात. सुखशाता दारातूनही विचारता येते.

लसीविषयी प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगतो. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू आपले रूप बदलत राहतो, आणि वृद्धांना व दीर्घ आजार असलेल्यांना ती उपयुक्त आहे. मात्र फ्लूच्या बहुतेक लशींसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवला जातो. ही माहिती रुग्णापासून लपवणे मला योग्य वाटत नाही, आणि ती ऐकून लस नाकारणाऱ्याला मी अडाणीही म्हणत नाही. वेगळ्या पद्धतीने तयार झालेली लस मिळते का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. घेणाऱ्याने विचारपूर्वक घ्यावी. न घेणाऱ्याने, मी वर सांगितलेली यतना दुपटीने पाळावी.

शेवटी विश्वस्त मंडळाला तीन नम्र सूचना. या वास्तूच्या पूर्वेकडील खिडक्या, ज्या कपाटांमुळे कित्येक वर्षे उघडलेल्या नाहीत, त्या मोकळ्या कराव्यात. पादत्राणे काढण्याच्या जागेजवळ हात धुण्यासाठी कमी पाण्याचा नळ आणि साबण ठेवावा. आणि पुढील पर्युषणाच्या निमंत्रणपत्रिकेत, कार्यक्रमांच्या खाली, ‘ताप-खोकला असल्यास कृपया घरीच आराधना करावी’ अशी एक ओळ छापावी. तिच्याखाली कोणाचे नाव हवे असल्यास माझे घालावे.

 बोलण्यात काही अविनय झाला असल्यास मिच्छामि दुक्कडं. जय जिनेंद्र.